बटण कोणी बंद करायचं?

म्हैसूरचा राजवाडा रविवारी संध्याकाळी उजळतो, तेव्हा सुमारे लाखभर दिवे एकदम लागतात आणि समोरच्या गर्दीतून "आहाहा!" निघतं. माझ्यातला पुणेकर मात्र लगेच हिशेबाला बसतो. दिवा १५ वॅटचा धरला तरी तासाला दीड हजार युनिट! "बिल कोण भरतं गं?" असं विचारल्यावर बहीण म्हणाली, "दादा, आधी ते आइस्क्रीम खा, वितळतंय."

पण वेळ संपली की ते लाखभर दिवे एका झटक्यात मिटतात. कारण ते मिटवणं कुणाचं तरी काम आहे.

सोमवारी मेहुण्यांबरोबर एका सरकारी कचेरीत गेलो. इमारत संस्थानी थाटाची: हातभर जाडीच्या भिंती, उंच छत, वर झरोके, भोवती व्हरांडा. बांधणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त फायलींचा सोडून. खिडक्यांपुढे लोखंडी कपाटं, कपाटांवर लाल फडक्यांतले गठ्ठे. म्हणून भर अकरा वाजता ट्यूबलाइट. झरोके फॉल्स सीलिंगच्या वर गेलेले. तिथला उजेड पालींच्या कामी येत असावा. साहेबांच्या खोलीत एसी १८ वर आणि साहेब स्वेटरात. (२०२० पासूनचे घरगुती एसी सुरू होताना आपणहून २४ वर येतात. त्यांना १८ वर न्यायला कष्ट पडतात. कोण म्हणतं सरकारात कष्ट करत नाहीत?)

एका रिकाम्या खुर्चीवर पंखा गरगरत होता. मी उठलो. बोर्डावर बटणांची रांग, नाव एकावरही नाही. मी हात पुढे करताच शिपाई ओरडला, "इर्ली बिडी, सार!" असू द्या हो साहेब! कुठल्या बटणाने काय जातं हे ज्याला ठाऊक होतं, तो वायरमन म्हणे रिटायर झाला.

ज्ञान कमी पडतंय असं नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा आहे. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी तिशीच्या आसपास. पण पंखा बदलायचा एका खात्याने, बिल भरायचं दुसऱ्याने, आणि वाचलेले पैसे जायचे तिजोरीत. बचत करणाऱ्याच्या वाट्याला चहासुद्धा नाही, वर ऑडिटची शंका.

मेहुण्यांचा अभिमान दुखावला. "आमच्या संस्थानाने १९०२ साली शिवनसमुद्रला वीज काढली, माहितीये?"

"हो, आणि ती गेली कोलारच्या खाणींना. म्हैसुरात दिवे लागले १९०८ला. मधली सहा वर्षं कचेऱ्या कशा चालल्या?"

"खिडक्या उघड्या असतील," मेहुणे म्हणाले.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी सरकारी नोकरीत असेल, तर बटणांखाली नावं चिकटवा, खिडकीपुढचं एक कपाट सरकवा आणि संध्याकाळी सगळं बंद करायचं काम एकाच्या नावे लेखी लावून द्या. याला निविदा लागत नाही.