किमान, कमाल आणि एक फुकटची बॅग

पोट्ट्याचा शेगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजात नंबर लागला आणि बार्शीटाकळीतल्या एका घरात बचतीला जोरात सुरुवात झाली. तोवर त्या घरात नुसता खर्च होता. लॅपटॉप घ्यायचं ठरलं, तशी घरातल्या प्रत्येकाला पैसे वाचवायची एकेक जागा दिसायला लागली. घरचे कर्ते गुरुजी. नाव कशाला सांगायचं, असे गुरुजी तालुक्यात डझनाने सापडतील: गणित शिकवून निवृत्त झालेले, सहा एकरांत कापूस, सोयाबीन आणि तूर, आणि शेजाऱ्याने "कितीले आनलं?" असं विचारलं की खऱ्या किमतीच्या ऐंशी टक्केच सांगायची जुनी सवय.

ऑगस्ट २०२५ मधल्या एका सोमवारी बापलेक अकोल्याला गेले. बार्शीटाकळीहून अकोला जेमतेम वीस किलोमीटर. तालुक्यातल्या महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी अकोल्याच्या नळाला जातं आणि तालुक्याचा पैसा अकोल्याच्या दुकानांत. दोन्ही वाहत्या गोष्टी, परत येत नाहीत. दुकानदाराने खोका पुढे सरकवला. त्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली होती: ७८,९९० रुपये, सर्व करांसह. गुरुजींनी चष्मा वर केला.

"ते पाहूच नका काकाजी," दुकानदार म्हणाला. "आपण पंचावन्नले देऊन राहिलो. बॅग अन माऊस फ्री."

"अन बॅग नाय घेतली तं?"

"बॅग कंपनीची हाय. तिचे पैसे कमी होत नाहीत."

"म्हंजे फ्री नाय ना मंग."

दुकानदाराने चहा मागवला.

पाकिटबंद मालावर कमाल किंमत छापलीच पाहिजे, असं २०११ चे वजनमापाचे नियम सांगतात. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, हा कायदा. कायदा छान पाळला जातो, कारण तेवढी किंमत मुळात कोणी मागतच नाही. ७८,९९० हा आकडा फक्त ५५,००० शेजारी उभा करण्यासाठी असतो. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे आधी एक लांबचा, सगळ्यांना नापसंत पाहुणा पुढे बसवतात, तसा. कोणी न दिलेल्या किमतीतून तीस टक्के वाचले, या आनंदात माणूस पाकीट काढतो.

आता वऱ्हाडातल्या माणसाला छापील आकड्याची ही करामत नवी नाही. फक्त त्याचा आकडा दुसऱ्या टोकाचा. २०२५-२६ साठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर केला, लांब धाग्याच्या कापसाचा ८,११०. ही किमान किंमत. एका बाजूला कमाल किंमत, जी कोणी देत नाही. दुसऱ्या बाजूला किमान किंमत, जी सहसा कोणाला मिळत नाही. या दोन आकड्यांच्या मधोमध अकोल्याच्या दुकानात गुरुजी हातात चहा घेऊन उभे होते आणि मनात भागाकार करत होते. हमीभावाने लॅपटॉप पडतो सव्वादहा क्विंटलला. पुढे सोयाबीन निघाल्यावर बाजारात भाव चार हजारांच्या आसपास आणि त्याखालीही उतरला, तेव्हा तोच लॅपटॉप पावणेचौदा क्विंटलचा झाला. लॅपटॉप महाग झाला नव्हता.

पण त्या सोमवारी लॅपटॉप घेतला नाही. कारण गुरुजींनी १५ ऑगस्टचं लाल किल्ल्यावरचं भाषण पूर्ण ऐकलं होतं आणि पंतप्रधानांनी जीएसटी कमी होण्याचं सूतोवाच केलं होतं. "दिवाळीपर्यंत थांबू. सरकारच स्वस्त करून राहिलं, आपण कायले घाई करायची?" २२ सप्टेंबरला नवे दर आले. एसी अठ्ठावीसवरून अठरावर, मोठा टीव्ही अठ्ठावीसवरून अठरावर. लॅपटॉप आधीच अठरावर होता. तो अठरावरच राहिला. ज्याला एसी नको होता, त्याची दहा टक्क्यांची बचत झाली.

याच काळात मोबाइलवरचे महासेल सुरू झाले आणि सूत्रं पोट्ट्याकडे गेली. त्याने ६०,००० चं एक मॉडेल काढलं. अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर दहा टक्के सूट. दहा टक्के म्हणजे सहा हजार, गुरुजींनी तोंडी हिशोब केला. मग पोट्ट्याने खालची बारीक चांदणी बोटांनी मोठी करून दाखवली: कमाल सूट १,५०० रुपये. इथेही कमाल! ते कार्ड घरात कोणाकडेच नव्हतं, पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्या जावयाकडे होतं. सासऱ्याने जावयाकडे पैसे मागणं वाईट, पण कार्ड मागणं चालतं, असा निर्णय स्वयंपाकघरात झाला. ओटीपी जावयाच्या फोनवर गेला तेव्हा जावई मीटिंगमध्ये होते. ते बाहेर आले तोवर माल संपला होता. दीड हजार वाचले नाहीत, पण उपकार व्हायचे ते झाले, आणि २०२६ च्या मे महिन्यात अधिक मास लागणार होता. धोंड्याच्या जेवणाला जावई हा उपकार आठवणीने सोबत आणणार होते.

पुढचा मार्ग बिनव्याजी हप्त्यांचा. इथे मात्र गुरुजींमधला गणित शिक्षक जागा झाला. सहा महिने, दर महिन्याला दहा हजार, व्याज शून्य. बँक शून्य व्याजाने पैसे कशी देईल? बँक देतही नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वात नसते. तेव्हापासून ती चीज नाव बदलून नांदते आहे. बँक आपलं व्याज घेतेच. विक्रेता तेवढीच रक्कम किमतीतून आधी वजा करून दाखवतो. दर साल सोळा टक्के धरले तर सहा हप्त्यांत साधारण २,७०० रुपये व्याज निघतं. ते वजा झालं, इथवर ठीक. पण त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लागतो, तो ग्राहकाचा: ४८७ रुपये. वर प्रोसेसिंग फी १९९, आणि तिच्यावरही जीएसटी. शून्याचे सातशेवीस झाले. गुरुजींनी हा हिशोब लाइट बिलाच्या पाठीवर मांडला, खाली दोन रेघा ओढल्या आणि पोट्ट्यापुढे सरकवला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतकं समाधान त्यांना कुठल्या वर्गात मिळालं नव्हतं.

"जुना घेऊन टाका," हा सल्ला भाच्याने दिला. सल्ला खरं तर या सगळ्यांत शहाणा होता. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप काढून टाकतात; ते धुऊन-पुसून, वॉरंटी लावून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून अकोल्यापर्यंत विकले जातात. लोखंडासारखे मजबूत, किंमत निम्म्याहून कमी. अडचण एकच, पिढीची. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर लागतो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. सोयरीक जमवताना आपल्याकडे सात पिढ्या पाहतात. मायक्रोसॉफ्ट त्यांच्याही एक पाऊल पुढे गेलं. सातव्या पिढीचे लॅपटॉप त्यामुळे बाजारात बेवारस पडले, आणि भाच्याने नेमका तसाच एक बारा हजारांत ठरवून ठेवला होता. आठव्या-दहाव्या पिढीचा बघता आला असता. पण पोट्ट्याने "दोस्ताइले काय सांगू?" असं विचारलं आणि बचतीचा हा एकमेव खरा रस्ता बंद झाला.

थांबण्याच्या बाबतीत गुरुजींचा अनुभव दांडगा. २०२२ च्या उन्हाळ्यात अकोटच्या बाजारात कापसाने दहा हजारांचा पल्ला ओलांडला होता, हमीभाव तेव्हा ६,०२५. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून वऱ्हाडात लोकांनी, गुरुजींनीही, कापूस घरातच भरून ठेवला. कापसात किडे झाले, घरच्यांच्या अंगाला खाज सुटली, भाव काही चढला नाही. त्यातून गुरुजींनी घेतलेला धडा असा की, माल विकायचा असेल तर थांबू नये आणि घ्यायचा असेल तर जरूर थांबावं. ठेवलेल्या वस्तूचा भाव उतरतोच.

धडा तर्काला धरून होता. फक्त या वेळी बाजार तर्काला धरून नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेची अवाढव्य डेटा सेंटरं उभी राहायला लागली, त्यांना मेमरी चिप हव्या होत्या, आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तिघांनी आपला माल तिकडे वळवला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर साध्या गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅमचे भाव तुरीसारखे भडकले. गुरुजींनी कापूस ठेवला तेव्हा भाव पडला, लॅपटॉप ठेवला तेव्हा भाव चढला.

सरकार मध्ये पडेल अशी आशा करायलाही वाव होता, कारण लॅपटॉपवाल्यांचं सरकार ऐकतं. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली. एका दिवसात एवढा गलका झाला की दुसऱ्याच दिवशी अट तीन महिने पुढे ढकलली. त्याच महिन्यात, १९ ऑगस्टला, कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क बसलं. डिसेंबरात निर्यातबंदी झाली, ती मे २०२४ मध्ये उठली, आणि शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. लॅपटॉपला एक दिवस, कांद्याला दीड वर्षाहून जास्त. वस्तूला कीबोर्ड असला की तिची तक्रार लवकर टाइप होत असावी.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पहिलं सत्र उधारीच्या लॅपटॉपवर पार पडल्यानंतर, बापलेक त्याच दुकानात गेले. तेच मॉडेल. किंमत ५९,०००. त्यातले पन्नास हजार लॅपटॉपचे, नऊ हजार जीएसटीचे. दुकानदाराने या वेळी चहा मागवला नाही.

"अन बॅग?"

"बॅगची स्कीम दिवाळीपर्यंतच होती काकाजी."

चार महिन्यांची बचत, अकोल्याच्या नऊ खेपा, एक लाइट बिल आणि जावयाचा उपकार, एवढं सगळं धरून लॅपटॉप चार हजारांनी महाग पडला. बॅग साडेआठशेची वेगळी घेतली. संध्याकाळी ओसरीवर शेजारी आलेच. लॅपटॉप उघडून, झाकून, उचलून पाहिला.

"कितीले आनला गुरुजी?"

सवयीने गुरुजींच्या तोंडून ऐंशी टक्के निघून गेले. "सत्तेचाळीसले. बॅग फ्री."

शेजाऱ्यांची पोरगी अकोल्यात बीसीए करते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेजारी पुन्हा आले, सदऱ्याच्या आतल्या खिशातून रबर लावलेलं नोटांचं बंडल काढलं, बोटाला थुंकी लावून दोनदा मोजलं आणि गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं.

"सत्तेचाळीस पुरे हायेत. माह्या पोरीसाठी बी एक आनजा तिथूनच. अन बॅग लाल सांगजा."