शिबिरातला विसावा

परतवाड्याहून घाट चढू लागलं आणि मोबाइलची रेंज गेली, की शहरातल्या सेवाभावी वैद्यकीय पथकाला आपण परदेशी आल्यासारखं वाटू लागतं. भाषाही साथ देते. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं गणगोत नाही. म्हणजे दुभाष्या आलाच. मग परदेश दौऱ्यातलं बाकी सगळं ओघानं येतं: फलक, टोप्या, ग्रुप फोटो आणि 'विसावा'.

दहाचं शिबिर साडेअकराला सुरू होतं, दीडला जेवणासाठी थांबतं. जेवणानंतर विसावा, आणि मेळघाटात विसावा चिखलदऱ्याशिवाय कुठे घ्यायचा? भीमकुंड, देवी पॉइंट, तिथली कॉफी, रबडी. (रबडी खरंच सोडू नये.) चारला ड्रायव्हर हळूच म्हणतो, "साहेब, पेशंट बसेल हायेत अजून."

"निघूच. सूर्यास्त तेवढा होऊ दे."

रक्तक्षयाच्या बायांना पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात. सोळाव्या दिवशी काय, हे विचारायला सोळाव्या दिवशी पथक नसतं.

इकडे धारणी तालुक्यातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी पहिल्या तपासणीचे 2 रुपये, पुढच्या खेपेचा 1 रुपया घेत दशकं काढली. 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. सुरुवातीला तिथं पोचायलाच 40 किलोमीटर चालावं लागे. हे ऐकून पथकातल्या एकानं आदरानं विचारलं, "मग थकले की ते विसाव्याला कुठे जात?"

"कुठी जातीन बाप्पा," ड्रायव्हर म्हणाला, "घरीच."