एकटीची फौज

खडकीच्या लढाईत पेशव्यांकडे माणसांची टंचाई नव्हती. ५ नोव्हेंबर १८१७ला समोर इंग्रज पलटणी जेमतेम तीन हजारांच्या, आणि बापू गोखल्यांच्या हाताखाली त्यांच्या कितीतरी पट फौज. तरी निकाल काय लागला हे आपण सगळ्यांनी शाळेत मान खाली घालून वाचलेलं आहे. आमच्या सरांनी त्यातून एवढाच बोध घेतला असावा की जास्त माणसं लावून काही साधत नाही. त्यामुळे त्याच खडकीत, बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या वर्कशॉपचं सगळं स्टोअर संगणकावर आणायच्या मोहिमेवर त्यांनी एकच माणूस नेमलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातलं, बिनपगारी. मी.

"छोटंसंच काम आहे," सर म्हणाले. "एक्सेलसारखं. फक्त एक्सेल नको."

जोडीला एखादी मैत्रीण आणू का, असं विचारलं तर म्हणाले, "दोघी आलात की गप्पा माराल." फ्रेडरिक ब्रुक्स या गृहस्थांना हेच सांगायला अख्खं पुस्तक लिहावं लागलं होतं. आयबीएमच्या ओएस/३६०चं प्रचंड काम सांभाळून पोळल्यावर त्यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' काढलं. त्यात म्हटलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसं घातली की ते आणखी रखडतं. पण ब्रुक्स निदान काही माणसं हाताशी घेऊन या निष्कर्षाला आले. सर थेट निष्कर्षापासूनच सुरू झाले.

सरांची केबिन पोटमाळ्यावर, काचेची. तिथून सगळा शॉप फ्लोअर दिसायचा. दुसरे बाजीराव लढाई पर्वतीवरून बघत होते म्हणतात. सरांना जिने चढायला कमी होते, एवढाच फरक.

माझी जागा खाली स्टोअरच्या दारात, ज्याला तिथे सगळे 'सीपीयू' म्हणायचे त्या डब्याशेजारी. डब्यात विंडोज सेव्हन होतं. पहिल्याच आठवड्यात मला समजलं की इथे सॉफ्टवेअर करणं हे जोडकाम आहे. प्रिंटरमध्ये कागद अडकला, बोलवा तिला. वायफाय गेलं, बोलवा तिला. सरांच्या मेहुण्यांच्या फोनमध्ये फोटो मावत नाहीत, तीच बघेल. खडकी म्हणजे बॉम्बे सॅपर्सचं घर, आणि लष्करी इंजिनिअरांचं ब्रीद आहे 'सर्वत्र'. ते माझ्या ओळखपत्रावर छापायला काही हरकत नव्हती.

आणि सल्ले! अकाउंटच्या मॅडमना हे टॅलीला जोडून हवं होतं. गेटवरच्या मामांना त्यातून गेटपास निघायला हवा होता. टर्नरना एकच हवं होतं, कोण किती ड्रिल बिट मोडतो ते त्यात दिसू नये. सर रात्री अकरानंतर 'एक छोटा बदल' असा मेसेज टाकायचे, आणि त्याखाली बारकोड, जीएसटी, हजेरी असं एकेक प्रकरण यायचं. म्हणजे लढायला मी एकटी, आणि युद्धशास्त्र सांगायला पेशव्यांची अख्खी फौज.

एकट्याने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या कथा इंटरनेटवर फार स्फूर्तिदायक असतात. लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५मध्ये गिट लिहायला घेतलं आणि चारपाच दिवसांत गिटचा हिशोब गिटच ठेवायला लागलं. हे वाचून इंटर्नला रात्री झोप लागत नाही. मला डोनाल्ड क्नुथ जवळचे वाटले. पुस्तकाची छपाई मनासारखी होईना म्हणून त्यांनी १९७७ साली टेक नावाची अक्षरजुळणीची प्रणाली करायला घेतली, कॉलेजातून मिळालेल्या एका सुट्टीत ती उरकेल अशा हिशोबाने. ते काम मनासारखं मार्गी लागून थांबेपर्यंत १९८९ उजाडलं होतं. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकाचा अंदाज इतका चुकतो, तर सरांच्या 'छोटंसंच'ला कोण दोष देणार?

खडकीच्या लढाईत म्हणे मराठ्यांचे घोडे भरवेगात असताना मध्येच दलदलीत रुतले. माझी दलदल म्हणजे स्टोअरची वही.

ती स्टोअरकीपर काकांची. काका तिथे सरांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. वहीत मालाची नावं अशी : 'चार सूत बोल्ट', 'अर्धा इंची बोल्ट', 'तो लांबडा' आणि 'नेहमीचा वायसर'. वर्कशॉपमध्ये इंचाचे आठ सूत, म्हणजे चार सूत आणि अर्धा इंच एकच. मिलिमीटरमध्ये १२.७. पण वहीत शेजारीच बाराचाही बोल्ट होता आणि तो वेगळा, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. इथवर ठीक होतं. अडलं ते 'नेहमीचा'पाशी.

"काका, नेहमीचा म्हणजे किती एमएमचा?"

"मागतंय कोण त्यावर आहे."

"म्हणजे?"

"फिटर मागतो तेव्हा आठचा. वेल्डर मागतो तेव्हा दहाचा. सर मागतात तेव्हा त्यांना माहीत नसतं, मग मी विचारतो कशाला हवाय."

कॉलेजात डेटाबेस शिकवताना एका गोष्टीला एकच नाव असावं असं सांगतात. इथे एका गोष्टीला तीन नावं आणि एका नावाच्या तीन गोष्टी. शिवाय कोणती कुठली हे फक्त एका माणसाच्या डोक्यात, आणि तो माणूस दुपारी दीड ते दोन डबा खातो, तेव्हा सर्व्हर बंद.

मग मी कोड बाजूला ठेवला आणि काकांच्या शेजारी स्टूल टाकलं. काकांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी लगेच पैज लावली. "वहीत चूक दाखव, एक कटिंग माझ्याकडून." क्नुथही आपल्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला २००८पर्यंत दोन डॉलर छप्पन सेंटचा चेक पाठवायचे. त्यांचे चेक लोकांनी फ्रेम करून भिंतीला लावलेत. मला काकांकडून एकही चहा मिळाला नाही.

उलट एके दिवशी मीच कोड्यात पडले. वहीत काही नोंदी शाईने होत्या, काही पेन्सिलीने.

"पेन्सिल म्हणजे माल आलाय, पण इन्स्पेक्शन व्हायचंय," काका म्हणाले. "पास झाला की वरून शाई. नापास झाला की खोडरबर. अर्धवट गोष्ट शाईने लिहायची नाही, पोरी. अर्धी नोंद ही नोंद नसल्यापेक्षा वाईट."

मी स्टुलावरून पडायची राहिले. हे तर आम्हाला पूर्ण एक युनिट होतं. ट्रान्झॅक्शन! व्यवहार झाला तर पूर्ण व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये. या विषयातल्या कामाबद्दल जिम ग्रे यांना १९९८चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. काकांना दिवाळीला मिठाईचा पुडा मिळायचा.

त्यानंतर काम सरळ झालं, कारण करण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. आराखडा वहीत तयार होता. जुना माल आधी जावा म्हणून नवा मागे रचायचा, हातउसनं दिलेलं वेगळ्या पानावर. मी ते पायथनमध्ये उतरवत गेले. प्रत्येक वस्तूला एक नंबर दिला आणि 'नेहमीचा'साठी मागणाऱ्याचा एक रकाना वाढवला. माहिती ठेवायला एसक्यूलाइट घेतलं, फुकट आहे म्हणून. नंतर वाचलं तर त्याचं मूळही एका माणसात. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली लिहिलं, अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेवरचं एक काम करताना सुचलं म्हणून. आज ते जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असतं. १८६९पासून दारूगोळा करणाऱ्या या गावात युद्धनौकेवरून निघालेली ही वस्तू 'नेहमीचा वायसर' मोजायला लागली, याचं मला उगाचच कौतुक वाटलं. काकांना वाटलं नाही. "मोजते बरोबर ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

प्रात्यक्षिक सरांनी गुरुवारी ठेवलं. पुण्यात राहून गुरुवारी विजेवर चालणाऱ्या गोष्टीचं प्रात्यक्षिक ठेवायला फार मोठा आत्मविश्वास लागतो. सर पर्वतीवरून खाली उतरले, सोबत एक गिऱ्हाईक, मागे अकाउंटच्या मॅडम, गेटवरचे मामा, दोन टर्नर. मी आवक भरायला घेतली. मालाचं नाव भरलं, नग भरले, 'सेव्ह'वर बोट नेलं आणि लाइट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी काढून गिझरच्या शेजारी कुणी कशाला ठेवली होती हे गूढ अजून उकललेलं नाही.

लाइट आली. डबा रडतखडत सुरू झाला. सगळा जुना साठा जागच्या जागी. नव्या मालाची ती नोंद मात्र नाही.

"गेली!" सर गिऱ्हाइकासमोरच ओरडले. "नोंद गेली! म्हणजे उद्या लाइट गेली तर आमचा मालही जाणार?"

मी ट्रान्झॅक्शन, कमिट, रोलबॅक असं काहीतरी सुरू केलं. सरांचा चेहरा आणखी पडला. तेवढ्यात काका चष्मा कपाळावर चढवून पुढे आले.

"कुठे गेली? पेन्सिलीतली होती. खोडली. परत लिहा."

गिऱ्हाइकाने मान डोलावली. सरांनीही डोलावली, आपल्याला हे आधीपासून माहीत होतं अशा बेताने. मी परत लिहिली.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. मजकूर बहुधा इंटरनेटवरून उतरवलेला असावा. त्यात लिहिलं होतं की मी मोठ्या संघात मिळूनमिसळून काम केलं आणि सहकाऱ्यांशी उत्तम समन्वय राखला. सही सरांची, पण कागद काकांच्या खिडकीतून घ्यायचा होता, कारण गेटबाहेर जाणारी कुठलीही वस्तू जावकात चढल्याशिवाय जात नाही. काकांनी आधी संगणकात नोंद केली, मग वही उघडली.

"दोन्हीकडे कशाला, काका?"

"लाइट गेली तर?"

प्रमाणपत्र, नग एक. मी वाकून बघितलं, शाईने लिहिलं होतं. परत आणू नकोस, म्हणाले, पास झालाय.