चीजची वसुली

महाराजांनी सुरत 1664 मध्ये लुटली, 1670 मध्ये पुन्हा. त्याची वसुली सुरतेने आता सुरू केली आहे, तीही चीज किसून. लोच्यावर चीज, अंडा घोटाळ्यात चीज (लोचा आणि घोटाळा ही खरोखरच पदार्थांची नावं आहेत). इथवर त्यांची मर्जी. पण परवा सुरतेच्या उधन्यात आमच्याच घरी सूनबाईंनी कोळंबीच्या कालवणात मॅकरोनी आणि दूध घातलं. आमसुलाने दूध फाटलं. उपाय? आणखी चीज. "खाऊन तर बघा, बाबा." खाल्लं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, ते केवळ पुरावा नष्ट करण्यासाठी. निवळीत निवांत डुंबणाऱ्या मऊ सुरती पनीरला मात्र या कटात कुणी विचारलंच नाही.