दाढीवाल्या पाहुण्याची जात आणि रंग कसा ओळखावा

नियम पहिला: प्राण्याकडे बघण्याआधी मालकाकडे बघावं. मालक 'सरडा' म्हणत असेल तर तो सरडा. 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणत असेल तरी सरडाच, फक्त विकतचा. आमच्या भाच्याला हे ऐकवत नाही. पुण्यात नोकरी लागल्यापासून त्यानं एवढा एकच संसार थाटलाय, आणि मे महिन्यात तो काचेच्या पेटीसकट नांदेडजवळ विष्णुपुरीला मामाच्या दारात उतरतो.

जात ओळखायला अक्कल लागत नाही. 'पोगोना', म्हणजे हे बिअर्डेड ड्रॅगन, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्या देशानं १९६०च्या दशकापासून आपले जंगली प्राणी बाहेर विकायचं बंद केलंय. त्यामुळे बाजारात येतात ती युरोप-अमेरिकेत पिंजऱ्यात वाढलेल्यांची नातवंडं-पतवंडं, आणि ती जवळजवळ सगळी 'व्हिटिसेप्स'. तेव्हा हेच नाव ठोकून द्यावं. त्याआधी जरा वेळ कपाळाला आठ्या घालाव्यात. फारच शंका आली तर तोंडात बघावं: गुलाबी असेल तर व्हिटिसेप्स, पिवळं असेल तर त्याचा पूर्वेकडचा भाऊबंद बार्बाटा. तोंड उघडायला लावायची युक्ती शोधू नये. आमच्याकडे मे महिन्यात तो आपणहून आ वासून बसतो. ऊन जास्त झालं की ते असंच करतात. जात बघून झाली की लगेच सावलीत हलवावं.

शेजाऱ्यांचं मत घेऊ नये. वॉचमन म्हणाला, घोरपड आहे, फॉरेस्टवाले उचलून नेतील. घोरपडीपुरतं त्याचं खरंय. वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका भावी डॉक्टरनं 'इग्वाना' असं निदान केलं. आमच्या आईनं विचारलं, "मगर पाळलास का रे, बाबा?" दूधवाला तेवढा बरोबर बोलला: "आमच्या तारेवर बसतंय की असलंच!" कुंपणावरचा सरडा आणि हा एकाच कुळातले, अ‍ॅगॅमिडीतले. गंमत अशी की कुंपणावरच्याची जात सांगणंच अवघड. १८०२ साली दोदँ नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं त्याला 'व्हर्सिकलर' म्हटलं, आणि २०२१ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्या एका नावाखाली कैक जाती नांदत होत्या. विकतच्याची जात पावतीवर असते, फुकटच्याला प्रयोगशाळा लागते.

आता रंग. इथे मालकाची खरी परीक्षा असते. नखं आरपार दिसली, काळी रेघ नसली, तर 'हायपो'. पिल्लाचे डोळे सबंध काळे असले तर 'ट्रान्स'. अंगावर नक्षीच नसली तर 'झिरो'. पाठीवरचे काटे जाऊन कातडी गुळगुळीत झाली असेल तर 'लेदरबॅक'. इथवर शास्त्र. पुढे दुकानदाराची प्रतिभा सुरू होते. भाच्याचा 'सिट्रस' आहे. मला तो गव्हाच्या पोत्यासारखा दिसतो.

त्यातून सकाळी बघितला तर तो काळपट असतो, कारण थंड अंगाला ऊन ओढून घ्यायचं असतं. अंग तापलं की उजळतो. कात टाकायच्या आधी फिका पडतो. रागावला की दाढी कोळशासारखी काळी करतो, आणि ती नेमकी भाचा पाहुण्यांना 'सिट्रस' समजावून सांगत असतानाच करतो. म्हणून रंग अकराच्या सुमारास, पोट भरलेलं असताना आणि भाचा घरात नसताना बघावा.

नर की मादी? शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटे असले तर नर. मात्र अंडी ३२ अंशांच्या वर गेली की जनुकांनी नर असलेली पिल्लंसुद्धा मादी होऊन बाहेर पडू लागतात. म्हणजे नांदेडच्या उन्हाळ्यात अंडी राहिली तर घरभर लेकीच.

पुण्यात त्याला चाळीस अंशांची जागा मिळावी म्हणून भाचा दिवसभर बल्ब जाळतो. इथे गच्चीवर तेवढं ऊन सकाळीच फुकट मिळतं. परवा मीच म्हणालो, राहू दे पेटी इथेच, दिवाळीला ने. झुरळं मात्र विकतची पाठव. मोरीतली त्याला घालायची नाहीत, तिथे तुझ्या मामीनं औषध मारलंय.