भुई धोपटणाऱ्यांचे कौतुक

साप दिसल्यावर भुई कोणीही धोपटतो. साप नसताना ती धोपटायला दूरदृष्टी लागते. अमेरिकेतल्या बंदूकप्रेमींकडे ती उदंड आहे.

२ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शस्त्रव्यापार करार १५४ विरुद्ध ३ मतांनी संमत केला. रणगाड्यापासून बंदुकीपर्यंतचा माल परदेशी विकताना तो नरसंहार करणाऱ्यांच्या हाती पडू नये, एवढाच त्याचा मथितार्थ. देशाच्या हद्दीतल्या शस्त्रांचे नियमन हा ज्याचा त्याचा सार्वभौम अधिकार, असे प्रस्तावनेतच लिहिले आहे. भाबडा माणूस हे वाचून निवांत झोपला असता. जाणता लगेच सावध झाला. शेजारी आपणहून ‘तुमची म्हैस चोरणार नाही’ असे लिहून देऊ लागला, तर गोठ्याला कुलूप नको का लावायला?

कराराविरुद्ध मत देणारे तीन देश होते इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया. बंदूकप्रेमींना सोबती मिळाले ते असे. स्वातंत्र्याची चाड असलेली माणसे कुठे भेटतील, सांगता येत नाही.

धोकाही लहान नव्हता. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या २०१८ च्या अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांच्या घरांत ३९ कोटींहून अधिक बंदुका होत्या, म्हणजे तान्ही बाळे धरूनही माणशी एकीहून जास्त. संयुक्त राष्ट्रांचे निळ्या टोपीवाले शिपाई दारोदार हिंडून त्या गोळा करणार, मोजणार, पावत्या फाडणार, हे चित्र डोळ्यांपुढे आणायलाही धाडस हवे.

ओबामा सरकारने २०१३ च्या सप्टेंबरात करारावर सही केली. पुढे सेनेटची दोन तृतीयांश मते लागतात. ती कधी मिळालीच नाहीत आणि करार अमेरिकेला लागूच झाला नाही. तरी २६ एप्रिल २०१९ रोजी इंडियानापोलिसला, नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकप्रेमींच्या संघटनेच्या अधिवेशनात, अध्यक्ष ट्रम्प यांनी सही मागे घेत असल्याचे जाहीर केले आणि तसा कागद व्यासपीठावरच सही करून दाखवला. न लागलेल्या लग्नाचा काडीमोड झाला आणि वऱ्हाडी मंडळींनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

त्या भाषणाला येताना श्रोत्यांना आपापल्या बंदुका बाहेर ठेवाव्या लागल्या होत्या. हा हुकूम संयुक्त राष्ट्रांचा नव्हता. अध्यक्षांच्या रक्षणाचे काम पाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसचा होता.