अडलेल्या हँडलची बाजू

नाणं टाकलं, हँडल ओढलं आणि ते निम्म्यावरच अडलं, की माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो जोर लावण्याचा. दुसराही जोर लावण्याचाच येतो. यंत्राला मागच्या बाजूने दार असतं, हे तिसऱ्या खेपेला सुचतं, आणि तोवर एखादा दाता तुटलेला असतो. जुन्या स्लॉट मशीनच्या दुरुस्तीतलं निम्मं कौशल्य हे पहिले दोन विचार गिळण्यात आहे.

बव्हेरियात जन्मलेल्या चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकने 1890 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र बनवलं. त्यात तीन चक्रं होती आणि त्यांवर नाल, इस्पिक, बदाम, चौकट, घंटा अशी चित्रं. तीन घंटा एका ओळीत आल्या की 50 सेंट मिळायचे. पुढे शिकागोच्या मिल्स कंपनीने अशी यंत्रं गावोगावच्या सलूनमध्ये पोचवली. काही यंत्रं नाण्याच्या बदल्यात च्युइंगगमही देत. जुगाराला बंदी असेल तिथे ‘आम्ही गम विकतो’ म्हणायची ही सोय होती. चक्रांवर चेरी आणि लिंबं आली ती या गमच्या नात्याने. कायदा चुकवण्याच्या कामी फळं किती उपयोगी पडतात, हे त्या लिंबांना विचारावं.

या यंत्राला वीज लागत नाही. खेळणाऱ्याचा हातच त्याचं वीजघर. हँडल ओढलं की स्प्रिंगा ताणल्या जातात आणि त्या ताणाने चक्रं फिरतात. मग घड्याळासारखी एक दातेरी यंत्रणा, अंगच्या छोट्या पंख्याने वेग आवरत, चक्रांना एकेक करून थांबवते. शेवटी काही लोखंडी बोटं चक्रांवरची भोकं चाचपतात आणि द्यायचं की नाही, ते ठरवतात. म्हणजे आपल्याच मनगटाची ताकद वापरून आपलाच खिसा हलका करण्याची ही सोय आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस काही हुशार मंडळींनी त्या घड्याळाची लय ओळखली आणि नेमक्या क्षणी हँडल ओढून यंत्रालाच लुटायला सुरुवात केली. कंपन्यांना लगबगीने ती लय बिघडवावी लागली. गिऱ्हाईक जिंकायला लागलं की त्याला दोष समजायचं, हा या धंद्याचा जुना शिरस्ता.

हँडल अडण्याची कारणं मात्र साधी असतात. नाणं पडलंच नसेल तर हँडलचं कुलूप उघडत नाही. वाकडं नाणं पन्हाळीत अडकलं तरी तेच होतं. बक्षिसाची नाणी ढकलणाऱ्या पट्ट्या पूर्ण मागे सरकल्या नसतील, तर पुढचा डाव सुरू होत नाही. आणि सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे प्रेमाने घातलेलं तेल. वर्षानुवर्षं कोणीतरी ‘थोडं तेल सोडू’ म्हणत आलेलं असतं, ते घट्ट होऊन डिंक झालेलं असतं. उपाय म्हणजे आतला सांगाडा मागून बाहेर काढायचा, जुनी मळी रॉकेलने धुवायची, आणि नवं तेल हात आखडता घेऊन थेंबभरच द्यायचं.

1934 साली न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी याहून सोपा उपाय केला. त्यांनी यंत्रांवर घण घातले आणि ती समुद्रात बुडवली. त्या यंत्रांची हँडलं पुन्हा कधी अडली नाहीत.

1960 च्या दशकात बॅली कंपनीच्या ‘मनी हनी’ने यंत्रात वीज आणली, आणि हँडल हळूहळू शोभेपुरतं उरलं. गोव्याने 1992 साली पंचतारांकित हॉटेलांत अशा यंत्रांना परवानगी दिली, ती इलेक्ट्रॉनिक यंत्रांना. तिथे बटण दाबलं की काम होतं. महाराष्ट्राने कॅसिनोला परवानगी देणारा कायदा 1976 सालीच करून ठेवला होता. पण तो कधी अमलात आला नाही, आणि 2023 मध्ये रद्द झाला. सत्तेचाळीस वर्षं अडलेलं हँडल म्हणावं ते हे. मधल्या काळात कितीजणांचे पैसे वाचले असतील!

म्हणूनच अडलेल्या हँडलबद्दल माझं मत चांगलं आहे. चालू यंत्र मालकाच्या बाजूने असतं; अडलेलं यंत्र कोणाकडून काही घेत नाही आणि कोणाला खोटी आशाही लावत नाही. आपण मात्र गुडघे टेकून, हात काळे करून त्याला पुन्हा आपल्याला लुटण्याइतकं धडधाकट करतो.

तरीही दुरुस्ती करायचीच असेल तर जोर लावू नका, मागचं दार उघडा, अडकलेलं नाणं काढा. आणि ते नाणं सरळ स्वतःच्या खिशात ठेवा. त्या यंत्राकडून खात्रीने मिळणारं बक्षीस तेवढंच.